विहीणबाईंचं अद्रकाचं लोणचं

निंभोरा, ता. रावेर
१८ जानेवारी १९८८

सौ. सुमनबाई यांस,

कुंदाबाईचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, केळीला पाणी चालू आहे, थंडी बेताची आहे. हे झालं रीतीचं. आता मुद्द्याचं लिहिते.

आमच्या कोकिळाला दिवस गेल्याचं आपण कळवलंत, आनंद झाला. पण तिला पाण्याचा घोटही ठरत नाही, फोडणीच्या वासानं ती मोरीकडे धावते, हे वाचून माझा जीव वरखाली झाला. एकुलती एक लेक आमची. म्हणून सोबत अद्रकाचं लोणचं पाठवते आहे. कोवळं अद्रक, लिंबाचा रस, मीठ आणि चार मिरच्या, तेलाचा थेंब नाही. मळमळीवर यासारखं दुसरं औषध नाही. दूध, जेवण, काहीही झालं की लगेच एक चकती तिच्या तोंडात गेली पाहिजे.

आपण शहरात राहता, आपल्याला सांगायला नको, तरी सांगते. बरणी चुलीजवळ ठेवू नका आणि उन्हातही नको. काढायला लाकडी डाव, कोरडा ठणठणीत. बाहेर काढलेली चकती परत आत टाकायची नाही. खार चकत्यांच्या वर राहिला पाहिजे, म्हणून चार दिवसांनी बरणी हलवायची. बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा घट्ट बांधायचा. आमच्या चुलत जाऊबाई भिकुबाई, त्यांच्या लोणच्यात मी एकदा पोळीचा तुकडा तरंगताना पाहिला. शी! फुगून तो एवढा झाला होता. तेव्हापासून त्यांच्याकडे मी फक्त चहा घेते, तोही कप स्वतः विसळून.

सातव्या महिन्यात कोकिळाला न्यायला आम्ही दोघंही येऊ. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच आहे. तोवर तिला जपा.

आपली,
कुंदाबाई लीलाधर

---

देवपूर, धुळे
२ फेब्रुवारी १९८८

सौ. कुंदाबाई यांना सुमनबाईचा नमस्कार.

बरणी पोचली. आभारी आहे. सूचनाही पोचल्या. आमच्या घरात लोणच्याचा डाव उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, पुन्हा उन्हात वाळवतात. मी ओटा दिवसातून तीनदा धुते. आमचे हे ओव्हरसियर होते तेव्हा साहेबलोक जेवायला यायचे आणि हात धुतल्यावर हाताचा वास घेऊन बघायचे, मसाल्याचा येतो की साबणाचा. म्हणून काळजी नसावी.

खरं सांगायचं तर अद्रक उष्ण, आणि या दिवसांत उष्ण पदार्थ मला पटत नाही. पण आपण एवढ्या लांबून पाठवलंत, न दिलं तर उद्या सासूनं तोंडचं काढून घेतलं असं व्हायचं. म्हणून देते. त्याची उष्णता मारायला सकाळ-संध्याकाळ एकेक पेला म्हशीचं दूध देते, शतावरी घालून. मी समोर उभी राहते. पेला रिकामा झाल्याशिवाय हलत नाही. मग ती स्वतः कपाटाशी जाऊन आपल्या बरणीतली चकती घेते. दोन्हींचं पथ्य सांभाळलं जातं.

एक विचारायचं होतं. काल बरणी उघडली तर चकत्या गुलाबी झालेल्या. पाठवल्या तेव्हा पिवळट होत्या ना? नुकत्या जन्मलेल्या उंदराच्या पिलांसारख्या दिसतात, एकावर एक पडलेल्या. मला तर शिसारीच आली. हे नासलं आहे का? स्पष्ट कळवावे.

कोकिळा ठीक आहे. अजून ओकते. वजन दोन किलो उतरलं आहे, पण पहिलटकरणीचं असं असतंच.

आपली,
सौ. सुमनबाई शालिग्राम

---

निंभोरा
१० फेब्रुवारी १९८८

सौ. सुमनबाई यांस,

उंदराची पिलं वाचल्यापासून माझं स्वतःच्याच लोणच्याकडे बघणं संपलं. काल ताटात वाढून घेतलं आणि तसंच ह्यांच्या ताटात सरकवलं. बाई, जेवणाच्या पदार्थाला अशी उपमा देतात का?

गुलाबी होणं म्हणजे नासणं नव्हे. कोवळ्या अद्रकाला लिंबाचा रस लागला की ते गुलाबी होतंच. उलट तीच कोवळेपणाची खूण. जून अद्रक कितीही लिंबू पिळा, लाजत नाही. आपल्याकडे बाजारातून जून, दोरे निघणारं अद्रक आणत असतील, म्हणून हा रंग पाहण्यात नसेल.

लोणचं नासलं की ते स्वतः सांगतं, विचारावं लागत नाही. उघडल्याबरोबर नाकाला लिंबाची आंबटाई लागली तर चांगलं, ताडीसारखा वास आला तर गेलं. खार ढवळ्या पाण्यासारखा झाला, खालून बुडबुडे यायला लागले, चकती बोटात धरल्यावर बुळबुळीत लागली, उचलताना तार सुटली, तर गेलंच. पांढरे कण दिसले तर बोटांनी चोळून बघा. मीठ असेल तर विरघळेल, बुरशी असेल तर केसाळ लागेल. आणि बुरशी आली तर सगळं टाकायचं. वरवरची काढून खालचं खाणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या पंगतीला बसणं मी सोडलं.

वजन उतरलं हे मला आवडलं नाही. चकती दोनाच्या ऐवजी चार वेळा द्या. कोकिळाचं स्वतःचं पत्र का येत नाही? तिला म्हणावं दोन ओळी लिही.

आपली,
कुंदाबाई

---

देवपूर, धुळे
७ मार्च १९८८

सौ. कुंदाबाई यांना,

नमस्कार. हे पत्र लिहायला बसण्याआधी मी दोनदा आंघोळ केली आहे.

काल दुपारी कोकिळा झोपली होती. कपाटातून वास यायला लागला. मला वाटलं पाल मेली. सगळं सामान बाहेर काढलं, पाल नाही. शेवटी आपली बरणी राहिली. दादरा ओला लागला. गाठ सोडली तशी झाकणाखालून फस्स आवाज झाला आणि जे वर आलं ते मला लिहवत नाही, पण लिहिते, कारण आपल्याला कळलंच पाहिजे. वर साय. हिरवी, मधे मधे काळी, केसाळ. त्याखाली पांढरे गोळे, नासक्या ताकात असतात तसे. चकत्या लिबलिबीत. डाव घातला तर त्याला तार लागून आली ती माझ्या कोपरापर्यंत. शेजारच्या द्रौपदाबाई धावत आल्या, पदर नाकाला लावून ओरडल्या, "वं माय! हाई तं बठ्ठं सडी गयं शे! फेकी दे ते, पोरले काय इख खावाडतीस का?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. पोरीला विष चारते म्हणून मला ऐकून घ्यावं लागलं, आपल्या लोणच्यापायी.

आणि हे माझी सून दिवसातून चार वेळा खात होती! आपण म्हणालात म्हणून चार वेळा. आता मला कळलं ती सारखी का ओकते. वजन एकूण पाच किलो उतरलं आहे.

आपण मला सूचना करत होतात, डाव कोरडा ठेवा, बरणी हलवा. मुळात भरतानाच बरणी ओली होती, हे सांगायला विद्वान लागत नाही. ज्या स्वयंपाकघरातून हे आलं, तिथे मी माझं नातवंड जन्माला घालू देणार नाही. ह्यांच्याशी आणि मुलाशी, पुरुषोत्तमशी, बोलून ठरवलं आहे. बाळंतपण धुळ्यालाच होईल. सातव्या महिन्यात न्यायला येण्याची तसदी घेऊ नये.

सौ. सुमनबाई

---

निंभोरा
१४ मार्च १९८८

सुमनबाई,

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मधेच थांबून हसले. म्हणाले, "अवं कुंदा, लोनच्यापायी कोनी भांडते का?" मी म्हटलं, लोणच्यापायी नाही, लेकीपायी भांडते मी. मग हसायचे थांबले.

तीस वर्षं मी लोणची घालते. बरण्या धुऊन तीन दिवस उन्हात उपड्या ठेवते, मग हिंगाची धुरी देते. अद्रक सावलीत फडक्यावर सुकवते, ओलं म्हणून एक तीळ राहू देत नाही. त्याच दिवशी भरलेल्या दुसऱ्या चार बरण्या माझ्या कोठीत आहेत, चारही आजच्या तारखेला लखलखीत. आणखी एक रावेरला गेली, ती उन्हाच्या खोलीत असते तरी चांगली आहे. तुमच्याकडे सहा आठवडे चांगलं राहिलं ते आताच का बिघडलं? बरणी ओली असती तर आठव्या दिवशीच गेलं असतं. हे सांगायलाही विद्वान लागत नाही.

तुम्ही ते दुसऱ्या भांड्यात काढलं होतं का? पितळेच्या डब्यात, कल्हई गेलेल्या? तसं असेल तर कळकलं असेल, आणि ते पोटात गेलं असेल तर मला देवच आठवतो. की मुळातच अद्रक तुम्हाला पटत नव्हतं, म्हणून ते असं नासू दिलं? मनात आलं ते लिहिलं. मनात ठेवून गोड बोलणं मला जमत नाही.

तुम्ही ते फेकलं नसेल तर बरणी जशी आहे तशी परत पाठवा. मी डोळ्यांनी बघीन. आणि बाळंतपण कुठे होईल ते तुम्ही एकट्यांनी ठरवायचं नाही.

कुंदाबाई

---

देवपूर, धुळे
२१ मार्च १९८८

कुंदाबाई यांना,

पितळेचा डबा आमच्या घरात नाही, सगळं स्टीलचं आहे. विहिणीकडची बरणी रिकामी परत करू नये अशी रीत आहे, म्हणून भरलेलीच पाठवते. आमच्या ओळखीचे सुकदेवभाऊ केळीच्या कामाला रावेरला चालले आहेत, त्यांच्याजवळ दिली आहे. आत काय आहे ते त्यांना सांगितलेलं नाही.

डोळ्यांनी बघावे. नाकानेही बघावे.

सौ. सुमनबाई

---

निंभोरा
२८ मार्च १९८८

सुमनबाई,

बिचाऱ्या सुकदेवभाऊंचा तुम्हाला तळतळाट लागेल. पारोळ्याच्या आधीच एस.टी.त बरणीचं झाकण उडालं. दादरा होता म्हणून सगळं अंगावर आलं नाही, जे आलं ते त्यांच्या धोतरावर आणि शेजारच्या बाईच्या पिशवीवर. कंडक्टरनं पारोळ्याला त्यांना खाली उतरवलं. पुढच्या गाडीत ते पार मागे, खिडकीबाहेर बरणी धरून आले, जळगावला गाडी बदलली, तिथूनही तसेच. आमच्या ओट्यावर बरणी ठेवून एवढंच म्हणाले, "ताई, पाणी द्या. प्यायला नाही, आंघोळीला."

मी बरणी मागच्या आवारात नेली. कुत्रं जवळ आलं, वास घेतला आणि निघून गेलं. तोंडाला फडकं बांधलं आणि काठीनं साय बाजूला केली. आयुष्यात पुष्कळ घाण काढली मी, पण अशी नाही. तरी हटले नाही. ते पांढरे गोळे काढून बोटात चोळले. मीठ नाही. बुरशीही नाही, कारण केसाळ नाही, रबरासारखे. वास घेतला. शेवटी छाती घट्ट करून जिभेच्या टोकाला लावलं, आणि मग अर्धा तास चुळा भरत बसले. पण कळलं.

दूध आहे ते. लिंबानं फाटलेलं दूध. शतावरीची कडसर चव तशीच आहे.

सुमनबाई, माझ्या घरून लोणच्यात दूध आलेलं नाही. शतावरीचं दूध तुमच्या घरात होतं. चुकून सांडलं तर एक दिवस सांडेल, इतके गोळे एका दिवसाचे नाहीत. रोज कुणीतरी घातलंय. माझ्या लेकीच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूत हे कुणी घातलं? मला उत्तर पाहिजे, नाहीतर मी एप्रिलमध्येच येऊन कोकिळाला घेऊन जाते. तुमच्या घरात तिला एक दिवसही ठेवायची माझी इच्छा नाही. मला तुमच्या त्या तीनदा धुतलेल्या ओट्याचीच किळस आली आहे.

कुंदाबाई

---

देवपूर, धुळे
४ एप्रिल १९८८

कुंदाबाई यांना,

आपण मला विषप्रयोग करणारी ठरवलंत. बरं झालं, कागदावर ठरवलंत.

त्या गुलाबी चकत्या पाहिल्यापासून मी त्या बरणीला हात लावत नव्हते. तिचा वासच मला आवडत नाही, तर हात कशाला लावू? दूध मी समोर पाजायची आणि रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघरात जायची. कपाटाशी जायची ती कोकिळा. बरणीला हात लागायचा तो तिचा एकटीचा. आता आपली लेकच आपल्या लोणच्यात दूध ओतते असं म्हणायचं असेल तर म्हणा, मी तरी म्हणत नाही. ती इतकी गरीब आहे की वाढलेलं नको म्हणत नाही. आपण वाढवलेली मुलगी आहे, एवढं तरी मी आपल्या पदरात घालते.

यापुढे पत्र पाठवू नये. उत्तर मिळणार नाही. न्यायला आलात तर दार उघडेल, चहा मिळेल, मुलगी मिळणार नाही.

सौ. सुमनबाई शालिग्राम

---

धुळे, दवाखान्यातून
१९ एप्रिल १९८८

ती. आईस,

तुला तार मिळाली असेल, आणि भांडण नको म्हणून निंभोऱ्याहून आबा एकटेच येऊन गेले, म्हणजे सगळं कळलंही असेल. मी आता बरी आहे. बाळही बरं आहे. चौदा तारखेला मोरीत चक्कर येऊन पडले, अंगात पाणीच उरलं नव्हतं म्हणाले डॉक्टर. पाच दिवस सलाइन लावलं. काल काढलं.

खालचं पत्र माझ्या सासूबाईंनी, आत्यांनी, वाचलं आहे. मीच त्यांना वाचायला दिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांनी वाचून घडी घातली, पाकिटावर पत्ता स्वतः लिहिला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. या चार ओळी मी नंतर वरच्या मोकळ्या जागेत लिहिते आहे.

आई, ते दूध मी घातलं.

ओतलं नाही. तोंडातलं सोडलं. आत्या पेला रिकामा होईपर्यंत उभ्या राहायच्या. शेवटचे दोन घोट मी गालात धरून ठेवायची, कारण गिळले असते तर त्यांच्या पायावरच पडले असते. मग त्या पेला घेऊन वळल्या की मी तुझी चकती घ्यायला कपाटाशी जायची. झाकण काढलं की अद्रकाचा वास नाकात शिरायचा आणि तोंड आपोआप उघडायचं. समोर बरणीच असायची. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून रडले. नंतर वाटलं, बरं झालं. नासेल आणि सुटेन. मग रोज केलं. सकाळी आणि संध्याकाळी. झाकण लावायची, दादरा बांधायची, तोंड पुसायची. चकती खाल्ली म्हणून सांगायची. एकही खाल्ली नाही. पहिल्या आठवड्यानंतर एकही नाही.

तू ते जिभेला लावलंस हे आबांनी काल सांगितलं. मी डोक्यावरून चादर घेतली. मला माझीच एवढी घाण वाटली की काय सांगू.

तुझं लोणचं वाईट नव्हतं. आत्यांचं दूधही वाईट नव्हतं. मला दोन्ही नको होतं. अद्रकाचा वास मला लहानपणापासून सहन होत नाही. तू घालायला बसायचीस तेव्हा मी केळीच्या बागेत जाऊन बसायची, तुला वाटायचं मला बाग आवडते. म्हशीच्या दुधाचाही वास येतो, तोही सहन होत नाही. पण तू एवढ्या मायेनं पाठवायचीस, आत्या एवढ्या मायेनं उभ्या राहायच्या. नको कुणाला म्हणू? तुम्ही दोघी पत्रं लिहीत होतात, तीही आत्या मला वाचून दाखवायच्या. चकती गुलाबी का झाली यावर दोन पानं होती. मी काय खाते यावर एक ओळ नव्हती.

इथे एक नर्सबाई आहेत, इंदिराबाई. शिरपूरकडच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी थर्मामीटर लावता लावता विचारलं, "तुले काय खावानं वाटस वं पोरी?" आई, तीन महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मग म्हटलं, मुरमुरे. कोरडे. तेल नको, कांदा नको, काही नको. त्यांनी पदराच्या टोकात बांधून आणले. मी सगळे खाल्ले. एक दाणा बाहेर आला नाही.

तुम्ही दोघींनी एकमेकींना जे लिहिलंत ते माझ्यामुळे लिहिलंत. माफी कशी मागायची कळत नाही.

तुझी,
कोकिळा

---

देवपूर, धुळे
२४ एप्रिल १९८८

सौ. कुंदाबाई यांना,

पत्र पाठवू नये असं मीच लिहिलं होतं आणि मीच पाठवते आहे.

मला घाणीची ओळख आहे असं मी समजत होते. भिंतीवरचा डाग मला तीन हातांवरून दिसतो. त्या पोरीचे गाल फुगलेले असायचे, डोळ्यांत पाणी असायचं, आणि मी तिच्यापासून एका हातावर उभी राहून पेल्याच्या तळाकडे बघत होते. दूध संपलं की समाधान व्हायचं. तिचं पत्र वाचल्यापासून मला स्वतःची किळस येते आहे. ही आंघोळ करून जात नाही.

मी आपल्याला ओल्या बरणीचा दोष दिला तो मागे घेते. आपली बरणी कोरडी होती.

बाळंतपणाचं मी जे बोलले तेही मागे घेते. आपण म्हणाल तसं.

सुमनबाई

---

निंभोरा
२९ एप्रिल १९८८

चि. कोकिळाबाईस,

आईचा आशीर्वाद. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी फक्त लाज वाटली, तुझी नव्हे, माझी. गावभर सांगत सुटले होते मी, विहिणीनं लोणच्यात काय काय घातलं म्हणून. भिकुबाईंनासुद्धा सांगितलं. आता त्यांना काय तोंड दाखवू?

तू म्हणतेस मी ते जिभेला लावलं म्हणून तुला घाण वाटली. वेडे, तू वर्षाची होतीस तेव्हा तोंडातला घास काढून माझ्या तोंडात कोंबायचीस आणि मी खायचे. लोक बघून तोंड फिरवायचे. तुझ्या तोंडचं काही मला घाण वाटलं नाही, वाटणार नाही. मला घाण वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बावीस वर्षं पोर माझ्यासमोर होती आणि मला ठाऊक नाही की तिला अद्रकाचा वास चालत नाही. केळीच्या बागेत जाऊन बसायची आणि मी शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, आमच्या कोकिळाला झाडांचं वेड. इतकी हुशार तुझी आई. चकती हातात घेऊन सांगेल नासली की नाही, आणि पोर वाळत चालली ते पत्रात वाचून लिहील, दोनाच्या ऐवजी चार द्या.

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. त्यांनी सगळं मागे घेतलं. मीही घेतलं, तसं त्यांना वेगळं लिहिते. म्हणाल्या बाळंतपण तुम्ही म्हणाल तिथं. मी उत्तर लिहायला बसले आणि 'निंभोऱ्याला' एवढं लिहून थांबले. कागद फाडला.

आता तुला विचारते. तुला कुठं बाळंत व्हायचंय? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस, त्यांना बरं वाटावं म्हणूनही नको. जे सांगशील त्यावर मी भांडणार नाही. मनात भांडेन, ते तुला ऐकू येणार नाही.

मुरमुरे दोन पोती पाठवावेत असं मनात आलं होतं. मग म्हटलं, थांब बाई, आधी विचार.

तुझी,
आई

---

देवपूर, धुळे
८ मे १९८८

ती. आईस, सा. न.

पत्र मिळालं. चार दिवस उत्तर लिहिलं नाही कारण भीती वाटत होती.

मला इथे राहायचं आहे. दवाखाना पाच मिनिटांवर आहे आणि इंदिराबाई आहेत. एकदा पडल्यापासून मला लांब जायची भीती वाटते. निंभोऱ्याहून रात्री-बेरात्री गाडी मिळत नाही. शिवाय हे जवळ असावेत असं वाटतं. हे लिहायला लाज वाटते, पण तू खरं सांग म्हणालीस.

तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. सगळ्या मैत्रिणी माहेरी गेल्या. तू मागची खोली सारवून ठेवली असशील, बाळंतविड्याचं सामानही आणलं असशील. तरी सांगते, कारण तू विचारलंस.

वजन दीड किलो वाढलं आहे. मुरमुरे एक पोतं चालेल. दोन नको.

कोकिळा

---

निंभोरा
१३ मे १९८८

चि. कोकिळास आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांच्याशी विनाकारण भांडले. खोली सारवून ठेवलेली होती, तू म्हणालीस तशीच. तिसऱ्या दिवशी त्या खोलीत केळीच्या खताची पोती ठेवून दिली, म्हणजे रोज डोळ्यांसमोर नको.

वाईट वाटलं. खूप वाटलं. आता वाटायचं थांबलं असं लिहिणार होते, पण खरं लिहायचं ठरलंय ना आपलं. थांबलेलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी धुळ्याला येते, आणि बाळ महिन्याचं होईपर्यंत राहते. तुझ्या सासूबाईंना कळवलं आहे. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, "पलंग खिडकीशी लावला आहे, आपल्याला वारा चालतो की नाही ते कळवावे." बघ, त्याही विचारायला लागल्या.

लेकीच्या घरी आईनं मुक्काम टाकू नये, तिथलं पाणीही पिऊ नये, असं माझी सासू सांगायची. मीही इतकी वर्षं ते पाळलं. लग्न झाल्यापासून तुझ्याकडे दोनदा आले आणि दोन्ही वेळा पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन आले, तू बघत होतीस. या वेळी तांब्या आणत नाही. तुझ्या घरचं पाणी पिईन. सासूनं वर गेल्यावर विचारलं तर सांगेन, लेकीनं बोलावलं होतं.

तुझी,
आई